मामलेदाराच्या गळ्यातला माईक

जर्मनीतून मेल आला तेव्हा प्रांजल उंब्रजला सुभेदार नानासोंच्या ऊस तुटलेल्या रानात एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. कोकरू बाटली सोडेना आणि मोबाईल वाजायचा थांबेना. शेवटी एका हातात कोकरू, एका हातात मोबाईल असं करत तिनं मेल वाचला आणि एवढ्या जोरात किंचाळली की कोकरू, बाटली आणि शेजारची मेंढरं चारी दिशांना पांगली.

"साप का काय गं?" म्हणत धोंडुबाई काठी घेऊन धावत आली. ही प्रांजलची आत्ती, बापाची थोरली बहीण. मेंढरांच्या मुक्कामाच्या तळावर हिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि पहिलाही बहुतेक हिचाच.

"साप न्हाई गं आत्ती! माझं नाव आलंय! शेवटच्या तिघांत!"

आता हे नाव कशात आलं होतं ते सांगायला हवं. प्रांजल जत तालुक्यातल्या धनगराची लेक. सांगलीत वसतिगृहात राहून बी.ए. झाली, पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. झाली, आणि मैत्रिणी लग्नाच्या साड्या बघत होत्या तेव्हा ही कॉम्प्युटरला व्याकरण शिकवत बसली. संगणकीय भाषाशास्त्र त्याचं नाव. जर्मनीतल्या एका विद्यापीठात त्यात पीएच.डी.ची एक जागा निघाली होती. फी नाही, विमानाचं तिकीट तेच देणार, वर दर महिन्याला पगार. काम काय, तर ज्या बोली कुणी कधी टिपल्या नाहीत त्या यंत्राला समजतील असं करायचं.

घरच्यांना हे तिनं परोपरीनं समजावलं होतं. आत्तीनं त्याचं सार काढलं ते असं: मशिनला माणसागत बोलायला शिकवायचं, आणि शिकवणाऱ्यालाच पगार.

"हितं पोरास्नी शिकवणाऱ्याचा पगार येळंवर हुईना," आत्ती म्हणाली, "आन तितं मशिनला शिकवणाऱ्याचा हुतोय? जा बाई, जा. उद्याच जा."

आई, म्हणजे मंगल, आधी रडली, मग हसली, मग तिकडं ज्वारी मिळते का ते विचारून परत रडली. राहिले आबा. जोतीराम त्यांचं नाव. ते मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. काटा निघाला, त्यांनी तो निरखून पाहिला, लांब फेकला आणि म्हणाले, "बघू."

झालं! एवढंच. बघू! प्रांजलला वाटलं, तो काटा घेऊन आपल्याच पायात घालावा. पण आबांचं हे असंच होतं. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा बसायचा, आणि मेंढरांपुढं तोंडाचा पट्टा सुरू. कुठल्या मेंढीला रात्री झोप आली नाही, कोण कुणावर रुसलंय, सगळ्यांची सकाळी नावानिशी चौकशी व्हायची. लेकीची चौकशी मात्र दोन शब्दांत. "जेवलीस?" आणि "बरं."

आणि आबांनी तोंडानं जा म्हटल्याशिवाय जायचं नाही, हे प्रांजलनं मनाशी पक्कं केलं होतं. का, तर दहावीच्या परीक्षेच्या वेळी याच माणसानं सगळा कळप हिच्यासाठी थांबवला होता. बाकीचे धनगर पुढच्या चाऱ्याला निघून गेले, आबा पेपर संपेपर्यंत वाळल्या रानात मेंढरं घेऊन बसून राहिले. पुढं पोचले तोवर चारा संपलेला. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मनाविरुद्ध विमानात बसायला तिचं मन घेत नव्हतं. ती चार वर्षं जाणार होती आणि आबा "बघू" म्हणत होते.

पण आधी जागा तर मिळायला हवी! तिघांतून एकालाच घेणार होते आणि त्यासाठी तिथल्या प्राध्यापक बाईंनी एक काम दिलं होतं. आपल्या घरच्या बोलीतला तासाभराचा गप्पांचा आवाज टिपून पाठवायचा. मुलाखत नको, पाठ केलेलं नको, माणसं आपापसात बोलतात तसं हवं. चोरून टिपायचं नाही. बोलणाऱ्याला आधी सांगायचं, त्याची परवानगी घ्यायची, आणि नंतर त्याचं त्याला ऐकवून परत विचारायचं. सोमवारपर्यंत.

"ह्ये काय अवघड हाय!" प्रांजल म्हणाली. "आमच्या तळावर बोलणं सोडून दुसरं हाय काय!"

तळावर खरंच तेच होतं. दिवाळी झाली की जतेकडची मेंढरं पश्चिमेला निघतात. कराड-उंब्रजचे शेतकरी ती आपल्या मोकळ्या रानात बसवून घेतात, रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला. नानासोंच्या रानात प्रांजलच्या आज्यापासून कळप बसत आला होता. नानासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उसाचे बागायतदार, आवाज असा की पलीकडच्या रानातल्या माणसानं सावधान व्हावं. त्यांची आणि आत्तीची रोज सकाळी जुंपायची. मेंढरं या तुकड्यात बसवायची का त्या, यावरून. तेवढं टिपलं तरी जर्मनी खूश झाली असती.

प्रांजलनं पुण्याच्या मैत्रिणीकडून आतच आवाज साठवणारा, बिनवायरीचा माईक मागवून घेतला, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर उभा केला आणि सगळ्यांना सांगितलं, "नेहमीसारखं बोला."

आणि सगळा तळ बिघडला.

नानासो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून आले. माईकपुढं ताठ उभे राहिले. "नमस्कार. मी सेवानिवृत्त सुभेदार नानासो. सद्यःस्थितीत मी शेती हा व्यवसाय करीत आहे. सदर शेतीमध्ये ऊस हे प्रमुख पीक आहे. जय हिंद." आणि सलाम ठोकला. कुणाला? माईकला!

आत्ती पेटीतलं हिरवं लुगडं नेसून आली. एरवी तिचं तोंड सुरू झालं की कुत्री लांब जाऊन बसायची. ती म्हणाली, "आमच्या येथे सर्व कुशल आहे. पाऊसपाणी समाधानकारक आहे." पाऊसपाणी समाधानकारक! अहो, जतेत! टँकरच्या रांगेत घागर ठेवून ठेवून जिचे केस पिकले, ती हे सांगत होती.

"आत्ती, काय बोलतीस तू?"

"आपण मध्ये बोलू नये," आत्ती म्हणाली.

मंगल दिवसभर चुलीपुढं एकटीच्या एकटी भांडणारी बाई. ती पदर तोंडावर धरून "धन्यवाद" एवढंच म्हणाली आणि पळाली. शेवटी आबा बसले. मुंडासं सारखं केलं. मग खाकरले, "काय न्हाई," म्हणाले आणि उठून गेले. दिवसभरात तेवढंच एक बोलणं खरं होतं.

तरी प्रांजलनं नमुना म्हणून थोडं पाठवलं. संध्याकाळी प्राध्यापक बाईंचं उत्तर आलं. त्यांनी दोन-चार मराठी बोली अभ्यासल्या होत्या. आवाज छान आहेत, त्यांनी लिहिलं होतं, पण ही सगळी माणसं बातम्या का देतायत?

प्रांजल बाजेवर पालथी पडली. आत्ती शेजारी येऊन बसली.

"आता सरकारी मशिनम्होरं जरा नीट बोलाय नगं व्हय?" ती म्हणाली. "चार परक्या मान्सांत जायाचं ते बोलनं. तितं काय आमी आमची लक्तरं दावायची?"

"आत्ती, मशिन सरकारी न्हाई. आणि मला तुझं रोजचंच बोलणं पायजे. तू सुभेदारांना काल काय म्हणालीस? रानातल्या ढेकळांवरून?"

"त्ये? त्ये कसं सांगू माईकात? तिकाटन्यावर बसून माज्याकडं टकामका बगतोय त्यो. पंगतीत कोन परका म्होरं बसून घास मोजाय लागला तर जेवान जातंय व्हय?"

तोंडात मशेरीचं बोट फिरवत आत्ती विचारात पडली. मग तिचे डोळे बारीक झाले. तिचे डोळे असे झाले की तळावरची जुनी माणसं सावध होतात.

"बांदून टाक त्येला मामलेदाराच्या गळ्यात," ती म्हणाली.

मामलेदार म्हणजे कळपाचा पुढारी एडका. मान ताठ, चाल संथ, कुणाच्या हाकेला ओ नाही, म्हणून आज्यानं नाव ठेवलं मामलेदार. हा त्या घराण्यातला चौथा. गळ्यात पितळी घंटा, आणि तळावर जिथं दोन माणसं बोलत असतील तिथं जाऊन मधे उभं राहायची वाईट खोड.

"एडक्याच्या?"

"मंग! मेंढराम्होरं कोन शुद्द बोलतंय?"

प्रांजल उठून बसली. हिला पुण्यात कुणी का नाही शिकवायला बोलावत, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि साफ सांगितलं. लपवाछपवी नाही. माईक मामलेदाराच्या गळ्यात असणार. तो जवळ आला की जे बोलाल ते टिपलं जाणार. नको असेल त्यानं आत्ताच नाही म्हणावं. नाही कोण म्हणतंय! सगळ्यांना हसूच आवरेना. सह्या झाल्या, आत्तीचा अंगठा झाला.

अडचण आली ती घंटेची. मामलेदारानं मान हलवली की माईकात नुसता घणघणाट. प्रांजल घंटा सोडायला गेली तर एडका तिला ढकलून पुढं. तेवढ्यात आबा आले. काही न बोलता त्यांनी मामलेदाराला दोन्ही गुडघ्यांत धरलं, मूठभर लोकर घेऊन घंटेत दाबून बसवली, घंटा मुकी केली. माईक वाऱ्याच्या बाजूला होता तो उलटा केला, वर लोकर ओढली आणि सुतळीची गाठ मारली. त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

"आबा, तुमी पण सही करा की."

त्यांनी केली. वळणदार, शाळेतल्यासारखी.

पहिला काही वेळ भलताच गेला. नानासो मामलेदाराला बघून अदबीनं म्हणाले, "यावे, मामलेदार. बसावे." आत्ती म्हणाली, "मेंढ्यांची प्रकृती उत्तम आहे." प्रांजलनं कपाळाला हात लावला. गेली जर्मनी, तिला वाटलं.

आणि तेवढ्यात मामलेदारानं नानासोंच्या नव्याकोऱ्या, पॉलिश केलेल्या बुटावर धार सोडली.

त्यानंतर सुभेदार जे बोलले त्यात निम्मी फौजेतली हिंदी होती, निम्मी उंब्रजची मराठी होती आणि शुद्ध काहीच नव्हतं. "अबे ओ! हट! आवं ह्येच्या आयला ह्येच्या, धोंडुआक्का, ह्येला काय शिस्त-बिस्त हाय का न्हाई? कालच पालिश केलंय गड्या!"

"तुमी कशाला त्येला 'यावं बसावं' कराय गेला?" आत्ती पोट धरून हसत होती. "मान दिला की असंच हुतंय! म्हनून म्हंते सुभेदार, आमास्नी बी कवा मान देऊ नगासा!"

तिथून पुढं कुणाला माईकची आठवण राहिली नाही. मामलेदार दिवसभर हिंडला. चुलीपाशी गेला, बांधावर गेला, मोटरघराच्या सावलीत गेला. प्रांजल मुद्दाम लांब, डोक्याला रुमाल बांधून कोकरं राखत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंब्याखाली ऐकण्याचा कार्यक्रम झाला. सगळे गोल बसले. छोटा स्पीकर मधे. पहिल्यांदा आला मंगलचा आवाज, चुलीवर ओरडणारा. "पेट की बाई! का तुला बी सुभेदारानं परवानगी द्याय पायजे?"

"ही मी?" मंगल म्हणाली. "आगं बाई, माजा आवाज असा घोगरा हाय? आन कुनी आजवर सांगितलं न्हाई!"

मग आली सकाळची जुंपलेली भांडणं. आत्तीनं आपलं बोलणं मन लावून ऐकलं आणि प्रत्येक टोल्याला स्वतःच मान डोलावली. "बराबर बोलली," ती म्हणत होती. "त्ये बी बराबर. हितं जरा आनकी बोलाय पायजे हुतं."

नानासोही रंगात आले होते. तोवर स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, पण एरवीचा नाही. दबका. "आक्का, आवं कालवनाचा वास तिकडं बांदापतूर आला. वाईच सुकं मटान हाय का? ... न्हाई, डाक्टरनं बंद केलंय म्हनून तर हिकडं आलो. हिला कळलं तर कोर्ट मार्शल हाय बगा..."

आणि नेमक्या याच वेळी सुभेदारीणबाई, राजेश्वरीवहिनी, सगळ्यांसाठी ताकाची कळशी घेऊन बांधावरून खाली उतरल्या.

नानासोंनी डोक्यावरची टोपी काढून स्पीकरवर दाबली. वर स्वतः बसले. खालून मटणाचं बोलणं गुदमरत राहिलं.

"काय ऐकताय?" वहिनींनी विचारलं.

"बातम्या," आत्ती म्हणाली. "पाऊसपाणी समाधानकारक आहे."

वहिनी ताक वाढून गेल्यावर प्रांजलनं विचारलं, "काका, हा तुकडा काढून टाकू? तुमी न्हाई म्हणालात तर काढणार बघा. नियमच हाय तसा."

नानासो उठले. टोपी झटकली. "जर्मनीत आमच्या हिच्या वळकीचं कोन हाय का?"

"कोण असणार?"

"आन त्ये मशिन हिला सांगंल का?"

"न्हाई काका."

"मंग ऱ्हाऊ दे की. बोललोय झ्याक."

अशी एकेकाची परवानगी मिळत गेली. उरला दुपारचा भाग, मामलेदार मोटरघराच्या सावलीत गेला तेव्हाचा. तिथं कुणी नव्हतं, नुसतं रवंथ ऐकू येणार, असं समजून प्रांजल तो कापायला बसली. कानाला हेडफोन लावला. रवंथच होतं. मग चपला काढल्याचा आवाज, कुणीतरी टेकल्याचा. मग आबा.

"बस. बस की. ऊन लागतंय... आसं.

मामलेदारा, तुला म्हनून इचारतो. पोरगी जाया म्हंतीया. जर्मनी. म्या सुभेदाराला इचारलं, कुटं आली ती, तर त्येनं समदा जगाचा नकाशा सांगितला आन मला काय बी कळलं न्हाई. लांब हाय येवडं कळलं. चालत जाया येत न्हाई. चालत जाया येत असतं तर आपुन सोडून आलो असतो, न्हवं? मेंढरं चारत चारत.

तुला हसू येतंय व्हय? हास.

आपुन वर्साला जत सोडतोय. कोन म्हनतंय का, जाऊ नगा? चारा जिकडं तिकडं जायाचं. तुज्या बाला, आज्याला, समद्यांस्नी म्या ह्येच शिकवलं. आन आता पोरीला कंच्या तोंडानं न्हाई म्हनू? तिचा चारा तिकडं हाय.

खरं, तिच्या म्होरं तोंड उगडत न्हाई बग. ती आली की म्हनायचं ठरीवतो, जा बाय. आन निगतंय काय? बघू! कंच्या मुडद्यानं शिकवलं मला बघू म्हनाय? ... तोंड उगडलं की रडू येनार, म्हाईत हाय न्हवं. मंग ती जानार न्हाई. बापाला रडताना बगून कंची पोरगी जातीया? धाव्वीच्या परीक्षेपायी कळप थांबीवला त्येच तिला अजून जड झालंय. मला कळत न्हाई व्हय?

तितं थंडी लय आसतीया म्हनं. ह्या वक्ताची तुजी लोकर तिलाच. घोंगडं इनून घेतो. टोचतंय म्हनंल. टोचू दे. घरची आटवन टोचनारीच आसाय पायजे.

जा म्हनावं तिला. खुशाल जा म्हनावं. पर म्या म्हनलं म्हनून सांगू नगंस."

मग परत रवंथ. मामलेदार एकदा शिंकला.

प्रांजलनं हेडफोन काढला, परत लावला, परत ऐकलं. नाक पुसलं. हसली. अशी हसत-रडत बसलेली बघून आत्ती लांबूनच म्हणाली, "आता काय गं, सुभेदारानं आनकी कायतरी खाल्लं?"

पण आता पेच असा की बोलणाऱ्याला ऐकवल्याशिवाय पाठवायचं नाही. आणि ऐकवायचं म्हणजे आबांना कळणार की हिनं ऐकलं. जो माणूस लेकीपुढं रडायला नको म्हणून गप्प बसला, त्याचं रडं त्याच्याच कानाला लावायचं? बरं, हा तुकडा वगळावा, तर तासाभरातलं सगळ्यात अस्सल बोलणं हेच. हे गेलं तर बहुधा जागा गेली. आणि पाठवलं तर आबांनी विश्वासानं एका मुक्या जनावराला सांगितलेलं जगाला सांगितलं असं होणार. प्रांजलनं तीन वेळा चपला घातल्या आणि तीन वेळा काढल्या. शेवटी गेली.

आबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. शेजारी मामलेदार.

"आबा, तुमचं ऐकायचं राहिलंय." तिनं हेडफोन पुढं केला. तोंड पदराआड लपवायला गेली, पण अंगात पंजाबी ड्रेस होता, पदर होताच कुठं.

"मला काय ऐकवतीस?" आबा म्हणाले. "मीच बोल्लोय की."

"न्हाई, तुमी... तुमच्या ध्यानात नसंल. माईक होता त्याच्या गळ्यात. तुमी विसरून कायतरी बोलला असाल."

आबांनी मामलेदाराच्या गळ्याखाली हात घातला, सुतळी चाचपली.

"गाठ कुनी मारली?" त्यांनी विचारलं.

"तुमी."

"घंटी कुनी मुकी केली?"

"तुमीच."

"मंग?" आबा म्हणाले. "माजी गाठ म्या इसरतोय व्हय?"

आबा मेंढीच्या कानातली गोचीड शोधण्यात फार म्हणजे फारच गुंतले होते.

"आबा! म्हंजे तुमी... मग मलाच सांगायचं की सरळ!"

"तुला कुटं सांगितलं?" आबा म्हणाले. "म्या मामलेदाराला सांगितलं. त्येनं चुगली केली तर त्येला मी काय करू?"

ती खाली बसली आणि आबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आबा हलले नाहीत. गोचीड सापडली, तरी दुसऱ्या कानात शोधू लागले.

"पाठवू का मग?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"बघू," आबा म्हणाले. आणि मग स्वतःच हसले, तोंडावर हात धरून, चोरी पकडलेल्या पोरागत. "पाटीव. पाटीव की."

एक लफडं राहिलं होतं. विद्यापीठाच्या नियमात गप्पा म्हटल्या की निदान दोन बोलणारे हवेत आणि दोघांची परवानगी हवी. प्रांजलनं दुसऱ्याच्या जागी नाव लिहिलं, मामलेदार. सहीचं काय? आत्तीनं शाईचा पॅड आणला, चौघांनी एडका धरला आणि कागदावर खुराचा ठसा उमटला. त्यात कागद थोडा फाटला. "साह्यबाची सई हाय, जोरात असनारच," आत्ती म्हणाली. नानासोंनी साक्षीदार म्हणून खाली हुद्द्यासकट सही केली.

पंधरवड्यानं उत्तर आलं तेव्हा तळ नानासोंच्या दुसऱ्या तुकड्यात हलला होता. जागा प्रांजलला मिळाली होती. प्राध्यापक बाईंनी खाली वेगळं लिहिलं होतं. कागदपत्रं बघून आमच्या कचेरीतल्या बाई दोन दिवस हसतायत. आणि सावलीतले जे गृहस्थ आहेत त्यांना सांगा, की त्यांचं बोलणं आम्ही परत परत ऐकलं. दुसरे गृहस्थ फार चांगले श्रोते आहेत.

प्रांजलनं ते सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं. आबा उठून मेंढरांकडं गेले. आत्ती म्हणाली, जाऊ दे त्येला, मामलेदाराला सांगाय गेलाय.

आता प्रांजलला तिकडं दुसरा हिवाळा लागलाय. घोंगडं टोचतं. दर रविवारी ती फोन करते. आत्ती तिला तळाची सगळी भांडणं सांगते, आई ज्वारीचं विचारते, नानासो मधेच फोन हिसकावून घेऊन, कुजबुजत, त्या मशिननं कुणाला काही सांगितलं तर नाही ना, ते विचारून घेतात. मग फोन आबांकडं जातो.

"जेवलीस?" आबा विचारतात.

"जेवले. तुमी?"

"बरं," आबा म्हणतात. थोडा वेळ नुसता वारा ऐकू येतो. मग ते म्हणतात, "थांब हं. मामलेदाराला देतो."

आणि फोन एडक्याच्या गळ्याशी धरून, त्याच्या लोकरीत तोंड घालून, आबा सांगायला लागतात. जतेत यंदा पाऊस कसा झाला, कुठल्या मेंढीला जुळी झाली, घर कसं रिकामं लागतं, सगळं. प्रांजल तिकडं एक अक्षर मधे बोलत नाही. हेडफोन कानाला घट्ट धरून ती ऐकत राहते, आणि आबा मामलेदाराला सांगत राहतात.